तळमजल्याचं क्वार्टर

ऑफिसात त्याला सगळे निकालीभाऊ म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. टेबलावर आलेला कागद संध्याकाळच्या आत निकाली निघाला पाहिजे, एवढंच नोकरीनं त्याला शिकवलं होतं आणि एवढंच तो शिकला होता. कसा निघाला, याच्याशी त्याला देणंघेणं नसे. एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पेन्शनच्या अर्जावर सही भलत्या जागी असली, तर तिला बोलावून नीट सही घेण्याच्या भानगडीत तो पडायचा नाही. ‘अपूर्ण, निकाली’ असा शिक्का मारून अर्ज परत. बाई नवा अर्ज करेल, तो नवा कागद. महिनाअखेरीला भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे पेंडिंगचा आकडा लिहिला जायचा आणि याच्या नावापुढे कायम शून्य असायचं. ते शून्य फिकट वाटलं तर हा स्वतः उठून खडूनं पुन्हा गिरवायचा. माणूस वाईट नव्हता, असं अशा लोकांबद्दल म्हणायची पद्धत आहे. त्या म्हाताऱ्या बायांना कुणी विचारलं नाही, म्हणून ती पद्धत चालू आहे.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या नावावर एक फौजदारी केस पेंडिंग होती आणि ती काही केल्या हलत नव्हती.

केस कसली, तर एका स्कूटरची. निकालीभाऊ सरकारी क्वार्टर्समध्ये चौथ्या मजल्यावर राहायचा. इमारतीला लिफ्ट नाही. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, वर कंबर धरलेली. भिंतीला धरून ती संडासापर्यंत जायची आणि तेवढ्यानं तिला घाम फुटायचा. एका सकाळी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. खुर्चीत बसवून चौघांनी कसंबसं खाली उतरवलं, तर शेवटच्या पायरीशी कुणाची तरी स्कूटर आडवी. मालक पहिल्या मजल्याच्या खिडकीत उभा राहून दात घासत होता आणि ‘आलो, आलो’ म्हणत होता. बायको खुर्चीत कण्हत होती. निकालीभाऊनं स्कूटर ढकलून दिली. मालक धावत खाली आला, त्यानं शिवी हासडली, यानं त्याच्या मुस्काटात ठेवून दिली आणि तो मागच्या मागे मीटरच्या पेटीवर जाऊन आपटला. कपाळाला टाके पडले, पोलिसांत तक्रार गेली, झालं. त्या दिवसानंतर बायको पुन्हा खाली उतरली नव्हती. डॉक्टर वर यायचा आणि तिला तपासायच्या आधी धापा टाकत पाणी मागायचा.

इमारतीत तळमजल्यावर राहायच्या लायकीचं एकच क्वार्टर होतं. बाकी जागेत पाण्याचा पंप, मीटर आणि मोडकं सरकारी फर्निचर. ते क्वार्टर अधीक्षकाच्या पदाला जोडलेलं होतं. निकालीभाऊनं बायकोच्या आजाराचा दाखला लावून एकदा अर्ज केला होता. तो परत आला. ‘नियमात बसत नाही, निकाली.’ त्याला वाईट वाटलं, पण अर्ज चार दिवसांत निकाली निघाला याचं त्यातही थोडं कौतुक वाटलं. असा होता तो.

आता अधीक्षक निवृत्त होणार होता. ज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव निकालीभाऊचं. दुसरं बॅरिस्टरचं.

बॅरिस्टर म्हणजे काही खरा बॅरिस्टर नव्हे. तो कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटला आणि मग क्लार्क झाला, पण जिभेवर कलमं राहिली. कुणाचं भाडेकरूशी वाजलं, कुणाच्या भावानं जमीन लाटली, की लोक चहा घेऊन त्याच्या टेबलाशी जायचे. बोलण्यात साखर, चेहऱ्यावर काळजी. राहायला त्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.

नियम असा होता की ज्याच्यावर फौजदारी केस चालू आहे, त्याच्या बढतीचा विचार समितीनं करायचा, पण ठरेल ते लिफाफ्यात घालून लाखेनं बंद करायचं. खुर्ची तात्पुरती पुढच्याला द्यायची. केसमधून माणूस सुटला तर लिफाफा फोडायचा, पुढच्याला उठवायचं आणि याला बसवायचं. म्हणजे निकालीभाऊचं काही जात नव्हतं. थोडं थांबावं लागणार होतं, इतकंच. त्याचा वकीलही तेच सांगत होता. “तो स्कूटरवाला बदली होऊन गेला. तारखेला फिरकत नाही. साक्षीदार येत नाहीत. कळ काढा. वर्षाच्या आत तुम्ही सुटताय.”

पण कळ काढणं या माणसाला जमत नव्हतं. आयुष्यभर लोकांना त्यानं शेवटच्या टोकाचं उत्तर दिलं होतं. भिजत घोंगडं त्याला बघवत नसे, मग ते स्वतःचं असलं तरी.

बढतीची बैठक पुढच्या महिन्यात आहे असं कळलं, त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर बॅरिस्टरची बायको भाजी निवडत बसली होती. तसं म्हणायला तिला काही दुष्टपणा करायचा नव्हता. ती वरच्या ताईंना, म्हणजे निकालीभाऊच्या बायकोला, अधूनमधून भाजी नेऊन द्यायची, त्यांचे केस विंचरून द्यायची.

“म्हणजे आपल्याला खाली मिळणार?” ती म्हणाली.

“तात्पुरतं.”

“तात्पुरतं म्हणजे?”

“तो सुटेपर्यंत. सुटला की आपण परत वर.”

तिनं सुरी खाली ठेवली. “पंखे, कपाटं, शिलाई मशीन, सगळं खाली न्यायचं आणि वर्षभरात पुन्हा वर चढवायचं? लोक हसतील. मी नाही हलणार.”

“चढवावं लागणार नाही,” बॅरिस्टर म्हणाला.

“ते सुटणारच आहेत ना? ताई तर म्हणत होत्या.”

“सुटायला केस चालावी लागते,” तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो निकालीभाऊच्या टेबलाशी जाऊन बसला. हे आजवर कधी झालं नव्हतं. लोक त्याच्याकडे जायचे, तो कुणाकडे जात नसे.

“भाऊ, माझी झोप उडालीय,” तो म्हणाला. “तुमच्या आधी मी त्या खुर्चीत बसायचं, हे मला पटत नाही.”

निकालीभाऊला भरून आलं. “तुमचं काय चुकलं त्यात? माझं नशीब.”

“नशीब कसलं. केस पेंडिंग आहे म्हणून घोडं अडलंय. पेंडिंग नसली तर अडेल का?”

“नाही.”

“मग संपवा.”

“माझ्या हातात आहे का ते?”

“तुमच्याच हातात आहे. पुढच्या तारखेला उभं राहायचं आणि कबूल म्हणायचं. मारामारीची फालतू केस आहे. किरकोळ दंड होईल. त्याच दिवशी फाइल बंद. पुन्हा तारीख नाही.”

निकालीभाऊनं हातातला शिक्का खाली ठेवला. मग म्हणाला, “वकील तर म्हणतो थांबा.”

“वकील दुसरं काय म्हणणार? केस संपली तर त्याचं दुकान चालेल कसं? तुम्ही आम्हाला शिकवलंत भाऊ, कागद टेबलावर कुजवायचा नाही. स्वतःच्या वेळेला विसरलात?”

केसबद्दल बॅरिस्टर एक शब्दही खोटं बोलला नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. किरकोळ दंड होणार होता. फाइल बंद होणार होती. पुन्हा तारीख पडणार नव्हती. जे त्यानं सांगितलं नाही ते एवढंच, की सुटून केस संपणं वेगळं आणि दोषी ठरून संपणं वेगळं. हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. पण निकालीभाऊच्या डोक्यात दोनच कप्पे होते, पेंडिंग आणि निकाली. तिसरा कप्पा सरकारनं त्याला कधी दिलाच नव्हता, आणि बॅरिस्टर इतकी वर्षं समोरच्या टेबलावर बसून ते बघत आला होता. केसानं गळा कापायचा तर गळा ओळखीचा लागतो.

त्या संध्याकाळी बॅरिस्टर चार जिने चढून वर गेला. निकालीभाऊची बायको खिडकीशी पलंगावर बसली होती. एवढ्या उंचीवरून तिला रस्ता दिसायचा नाही, फक्त समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. पण जिन्यातल्या पावलांवरून ती माणसं ओळखायची.

“या भाऊजी,” दार उघडायच्या आधीच ती म्हणाली. “आज दम नाही लागला? का मधे कुठं थांबून घेतलात?”

“वहिनी, तुमच्यापुढे कुणाची लबाडी चालत नाही.”

“इथे बसून दुसरं करते काय? आता बघा, खाली राहायला गेले ना, की मी दार उघडं टाकणार. दिवसभर. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, सगळं बघणार. यांना सांगून ठेवलंय, दाराशी खुर्ची मांडायची आणि मला तिथून उठवायचं नाही.”

“आणि स्वैपाक?” निकालीभाऊ आतून म्हणाला.

“तुम्ही करा. मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन किती करपलाय ते.”

तिघंही हसले. बॅरिस्टर सगळ्यात जास्त हसला. निघताना तो दारात थांबला. “वहिनी, तुम्हाला खाली आणायची जबाबदारी माझी. माझा शब्द आहे.”

तिनं हात जोडले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे बघूनही पुढचं पाऊल टाकणारा माणूस असतो. तो जिना उतरून गेला आणि जेवला.

तारखेला निकालीभाऊनं इस्त्रीचा शर्ट घातला. नुसती तारीख पडणार असली की वकील येत नसे, आणि यानं त्याला कळवलंच नाही. बॅरिस्टर रजा टाकून सोबत आला होता. कोर्टाची खोली अंधारी, वर पंख्याची घरघर, बाकांवर माणसं खेटून बसलेली. मॅजिस्ट्रेटसमोर गठ्ठ्यांची रास होती आणि तो मान वर न करता एकेकाला पुढची तारीख देत होता.

निकालीभाऊचा पुकारा झाला. तो उभा राहून म्हणाला, “साहेब, मला गुन्हा कबूल आहे.”

मॅजिस्ट्रेटनं मान वर केली. “वकील कुठे आहे तुमचा?”

“वकील नको साहेब.”

“कुणी दबाव आणलाय? आमिष दाखवलंय?”

“नाही साहेब. मला हे पेंडिंग नकोय.”

मॅजिस्ट्रेटनं त्याच्याकडे नीट बघितलं. “सरकारी नोकरी आहे ना? परिणामांची कल्पना आहे?”

“आहे साहेब. केस संपेल.”

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मॅजिस्ट्रेट क्षणभर थांबला. खरं तर तिथेच त्यानं वकील गाठून द्यायला हवा होता. पण महिनाअखेर जवळ आली होती आणि किती केसेस निकाली काढल्या हे त्यालाही वर कळवावं लागायचं. त्यानं लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. दोषी, दंड, दंड न भरल्यास कैद. निकालीभाऊनं खाली जाऊन दंड भरला. बाहेर आल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्यानं टपरीवर बॅरिस्टरला आग्रहानं दोनदा चहा पाजला.

“भाऊ, मोकळे झालात,” बॅरिस्टर म्हणाला.

“तुमच्यामुळे,” निकालीभाऊ म्हणाला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बॅरिस्टरनं तो लगेच सोडवून घेतला नाही. तेवढा धीर त्याच्यात होता.

निकालाची नक्कल हातात पडली तशी निकालीभाऊनं ती नेऊन दिली आस्थापना शाखेच्या बाईकडे. ही बाई कर्मचाऱ्यांच्या बढत्या-बदल्यांच्या फाइली सांभाळायची.

“घ्या बाई. केस निकाली. आता नाव लिफाफ्यात घालायचं कारण नाही.”

बाईनं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“भाऊ, तुम्ही दोषी ठरलात.”

“दंड भरला ना. पावती जोडलीय.”

“पावतीचं काय करू? ती तर दोषीचीच असते.”

“बाई, पेंडिंग आहे का? एवढंच सांगा.”

“नाही. पेंडिंग नाही.”

“मग?”

बाईनं नक्कल टेबलावर उलटी ठेवली. लिफाफ्याचा प्रश्न मिटला होता हे खरंच होतं. दोषी माणसासाठी लिफाफा नसतो, त्याचं नाव सरळ खोडतात. शेवटी ती हळू आवाजात म्हणाली, “भाऊ, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

निकालीभाऊनं मागे वळून बघितलं. पलीकडच्या ओळीत बॅरिस्टर कुणाला तरी भाडेकरार समजावून सांगत होता.

“कुणी नाही,” तो म्हणाला. का म्हणाला देव जाणे. कदाचित तेव्हाही त्याला वाटत होतं की बाईच चुकतेय.

मग तो वकिलाकडे धावला. वकिलानं आधी शिव्या दिल्या आणि मग समजावलं. “लढून हरला असता तर अपील केलं असतं. तोंडानं कबूल केल्यावर अपील कशावर? फार तर दंड जास्त झाला म्हणून रडता येईल. तोही जास्त झालेला नाही.” नंतर म्हणाला, “तो स्कूटरवाला तक्रार मागे घ्यायला तयार होता. मी त्याला तारखेच्या दोन दिवस आधीच गाठलं होतं. तुम्हाला एक फोन करायला काय झालं होतं?”

निकालीभाऊ वकिलाच्या ऑफिसच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. येणाऱ्याजाणाऱ्यांना वळसा घालून जावं लागत होतं.

समिती बसली. बॅरिस्टरची बढती झाली, आणि ती तात्पुरती नव्हे, कायमची. लिफाफाच नव्हता, मग तात्पुरतं कशाला? पण इतक्यावर भागलं नाही. वयाची पंचावन्न ओलांडलेल्या, म्हणजे निकालीभाऊसारख्या, कर्मचाऱ्यांचा आढावा दरवर्षी व्हायचा, कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं. निकालीभाऊच्या शाखेतल्या नावांवर शेरा मारायचं काम नव्या अधीक्षकाकडे आलं. बॅरिस्टरनं याही वेळी खोटं लिहिलं नाही. ‘काम तत्पर. फौजदारी गुन्हा कबूल केलेला आहे.’ वरच्या साहेबानं दुसरं वाक्य तेवढं वाचलं. सक्तीची निवृत्ती. क्वार्टर महिनाभरात रिकामं करावं.

त्या महिन्याच्या फळ्यावर निकालीभाऊच्या नावापुढे शून्य होतं. नंतर शिपायानं नाव पुसलं, शून्य राहून गेलं आणि काही दिवस ते तसंच दिसत होतं. ऑफिसात या गोष्टीवर बरेच जण हसले. पेन्शनच्या अर्जासाठी आलेली एक म्हातारी त्याच्या रिकाम्या टेबलाशी उभी राहून विचारत होती, ते शिक्का मारणारे साहेब कुठे गेले? गेले, असं सांगितल्यावर तिनं बरं झालं म्हटलं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “बॅरिस्टरला तरी काय माहीत असणार? कायदा अर्धवटच शिकलाय बिचारा.”

तिनं नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस आपल्या गुडघ्यांसाठी एवढा उतावीळ झाला, हे तिला कळत होतं. त्यामुळे तिला धड रागावताही येईना आणि धड रडताही येईना.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही झोपा जरा.”

सामान हलवायचा दिवस रविवार होता. तिचा धाकटा भाऊ शहराबाहेर राहायचा. त्यानं आपल्या घरामागची एक खोली दिली होती. टेंपोत कपाटं, गाद्या, भांडी चढली. सगळ्यात शेवटी तिला आणायचं होतं. तीच खुर्ची, तेच जिने. शिपाई आला, तिचा भाऊ आला, शेजारचा एक जण आला, आणि खुर्चीच्या चौथ्या पायाला हात घालायला बॅरिस्टर आला. नव्या अधीक्षकानं स्वतः यावं याचं लोकांना कौतुक वाटलं.

“हळू, हळू,” तो म्हणत होता. “वहिनी, घट्ट धरा. घाबरू नका.”

प्रत्येक वळणावर तिचा पाय कठड्याला घासत होता आणि ती ओठ दाबून बसली होती. निकालीभाऊ पुढे उलट्या पावलांनी उतरत होता, हात पसरून, जणू ती पडली तर तो झेलणार होता. शेवटच्या पायरीशी त्यानं वळून बघितलं. कुणाची स्कूटर नव्हती.

टेंपोवाला दोर आवळत होता, म्हणून खुर्ची तळमजल्यावर टेकवली, ती नेमकी अधीक्षकाच्या दारासमोर. दार उघडं होतं. आत नवा रंग दिला होता. खिडकीखाली शिलाई मशीन मांडलं होतं आणि खिडकीतून रस्ता दिसत होता. येणारी-जाणारी माणसं, त्यांच्या हातातल्या पिशव्या, सगळं अगदी स्पष्ट. बॅरिस्टरच्या बायकोनं पेल्यातून पाणी आणलं. तिनं मान वर केली नाही.

निकालीभाऊच्या बायकोनं पाणी संपवलं आणि कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

“भाऊजी,” ती म्हणाली.

“बोला वहिनी.”

“तुम्ही म्हणाला होतात, मला खाली आणायची जबाबदारी तुमची. शब्द पाळलात हो.”

बॅरिस्टरनं रुमालानं हात पुसले. एका हाताला खुर्चीचा वळ उठला होता, तो त्यानं जरा चोळला. निकालीभाऊ पुढे झाला आणि त्याला म्हणाला, “फार उपकार झाले, साहेब. नाहीतर चौथा माणूस कुठून आणला असता?”

बायकोनं डोळे मिटून घेतले. बॅरिस्टरच्या बायकोनं तिच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला, आत गेली आणि दार लावलं.